28 दिवसांची श्रीमंती

परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या मुलामुलींचे आईवडील हल्ली एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. ब्रिटनच्या विद्यार्थी-व्हिसासाठी उरलेले शुल्क व राहण्याखाण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम विद्यार्थ्याच्या वा पालकांच्या खात्यात सलग 28 दिवस असावी लागते. ती मामाकडून आणून ठेवली आणि व्हिसा मिळताच परत केली, तर त्यात पाप ते कोणते? पासबुकातला एकही आकडा खोटा नसतो.

आकडा खरा, हे मान्य. परंतु विचारलेला प्रश्न ‘खात्यात किती आहे?’ असा नसून ‘या मुलीचे तेथे भागेल काय?’ असा असतो, आणि त्याचे उत्तर खोटे दिलेले असते. लूक 14:28 मध्ये बुरूज बांधणाऱ्याच्या हिशेबासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, ते ‘खडा’ या अर्थाच्या शब्दापासून आले आहे. खडे मांडून मोजणे, हा त्याचा मूळ भाव. शेजाऱ्याचे खडे मांडले, तर मोजणी झाली असे कसे म्हणावे?

कर्ज काढणे निराळे. बँकेच्या रीतसर शैक्षणिक कर्जाचे पत्र ब्रिटनही स्वीकारते. ते पैसे फेडायचे असले तरी शिक्षण होईतो हाताशी राहतात. या नियमाने बुद्धीपेक्षा बापाची ऐपत तपासली जाते, ही तक्रार मला रास्त वाटते. तथापि उसनवारीची झळ व्हिसा-अधिकाऱ्याला लागत नाही. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असता आठवड्याला 20 तासच काम करता येते. मामाचे पैसे परत गेल्यावर घरभाडे आणि जेवण त्या 20 तासांतून निघणे कठीण. आणि घरी फोन करताना मुलगी तसे सांगत नाही.