पाहणाऱ्याची जागा

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने केलेल्या चित्रीकरणाची ही सुरुवात मानली जाते. ती कुस्ती कॅमेऱ्यासाठी ठरवून लावलेली होती. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये, केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचे मुंबईत झालेले स्वागत त्यांनीच टिपले. हे स्वागत कॅमेरा नसता तरी झालेच असते. पहिली फीत बनावट आणि दुसरी अस्सल, असा निकाल चटकन द्यावासा वाटतो. पण लावलेल्या कुस्तीतही ज्याची पाठ टेकते त्याची ती खरीच टेकते, आणि स्वागताच्या गर्दीतला माणूसही समोर यंत्र दिसले की सदरा सारखा करतो. घडवलेल्यात खरे असते आणि घडलेल्यात घडवलेले. माहितीपटाच्या शैलींवरचे सव्वाशे वर्षांतले सगळे वाद या पेचाभोवती फिरत आले आहेत. तो फक्त तंत्राचा पेच आहे असे मला वाटत नाही. न शिवता पाहणे मुळात शक्य आहे का, हा त्याच्या तळाशी असलेला प्रश्न आहे, आणि आपल्याकडे तो कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून विचारला गेला आहे.

सांख्यांनी पुरुषाला निव्वळ द्रष्टा मानले. नाचते ती प्रकृती. तो फक्त पाहतो, करत काहीच नाही. अलिप्त पाहणाऱ्याचा याहून ठाम पुरस्कार क्वचितच कुणी केला असेल. आणि तरीही ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत नर्तकीचा दृष्टान्त येतो, तेव्हा आपण पाहिले गेलो हे कळल्यावर ती थांबते. पुरुषाने बोटही हलवलेले नाही, पण त्याच्या पाहण्याने नाच संपला. ज्ञानदेव याच्याही पुढे जातात. चांगदेव पासष्टीत द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटीच ते मिटवतात; आरशात पाहणारा आणि आरशात दिसणारा असे दोघे तिथे उरत नाहीत. याच विचाराची सर्वांत ठसठशीत गोष्ट मात्र हिंगोली जिल्ह्यातली आहे. जन्मगाव म्हणून ज्यांच्याशी नरसीचे नाव जोडले गेले ते नामदेव गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे जातात, आणि परंपरा ही भेट औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात घडवते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव रागावतात. विसोबा म्हणतात, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. आणि पाय नेऊन ठेवावेत तिथे पिंड उभी राहते. देवाच्या बाहेर पाय ठेवायला जागा नाही, हा या कथेचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकतो. कॅमेऱ्याची तिवई उभी करणाऱ्यालाही तोच अर्थ लागू पडतो. ज्याचे चित्रण करायचे त्याच्या बाहेर, कुणाच्याही वाटेत न येणारी अशी जागा त्याला मिळणार नाही.

औंढ्याच्याच जिल्ह्यातल्या डोंगरकड्यात उद्या कुणी माहितीपट करायला उतरले असे समजू. कळमनुरी तालुक्यातले, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आजूबाजूला केळी आणि हळद. फेब्रुवारी-मार्चात हळदीची काढणी चालू असेल. एका बाजूला बाया मातीने भरलेल्या कंदांतून गड्डे आणि हळकुंडे वेगळी करत बसलेल्या, दुसरीकडे कुकरच्या टाकीतून वाफ उसळते आहे, शिजलेली हळद ताडपत्रीवर ओतली जाते आहे. दृश्य असे की कॅमेरा कुठेही धरला तरी चित्र सुंदरच येईल. पण कॅमेरा धरला की काय होईल? मजुरीच्या भावावरून चाललेली घासाघीस थांबेल. मुकादमाचा आवाज खाली येईल. एखादी म्हातारी पदर सावरून मान खाली घालील, एखादी तरणी पोर मुद्दाम मोठ्याने हसेल. वाफ मात्र तशीच उसळत राहील, कारण वाफेला कुणापुढे नीट दिसायचे नसते. म्हणजे कॅमेऱ्यात हळद जशीच्या तशी येते. हळदीमागचा व्यवहार, ज्यासाठी माहितीपट करायचा, तो कॅमेरा दिसताक्षणी आपले तोंड बदलतो. आणि घरात येणारे पैसे पेरणीआधीच कुणाच्या वहीत लिहिले गेले असतील, तर ती वही कुठल्याच चौकटीत नसते. डोळ्यांपुढचे अचूक टिपले म्हणजे खरे टिपले, हे समीकरण इथे पहिल्या अर्ध्या तासात मोडते.

या अडचणीवर माहितीपटकारांनी निरनिराळे उपाय काढले, आणि शैली म्हणतात त्या हेच उपाय होत. रॉबर्ट फ्लाहर्टीने ‘नानूक’ (१९२२) मध्ये बंदुका वापरू लागलेल्या इनुइटांना जुन्या भाल्याने शिकार करायला लावले, आणि आत उजेड यावा म्हणून बर्फाचे अर्धेच घर बांधवले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने बहुतेक वेळा दुसरा मार्ग धरला: चित्र गावाचे, आवाज दिल्लीचा. मूळ चित्रपटाआधी सक्तीने दाखवल्या जाणाऱ्या त्या लघुपटांत शेतकरी हसायचा, पंप सुरू व्हायचा, आणि त्या हसण्याचा अर्थ पडद्यामागचा धीरगंभीर निवेदक सांगायचा. त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय ॲम ट्वेंटी’ (१९६७) मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या वीस वर्षांच्या मुलामुलींना स्वतः बोलू दिले, हेही नोंदवायला हवे. अमेरिकेत १९६० च्या आसपास हलका कॅमेरा आणि सोबत ध्वनिमुद्रण हाती आले, आणि भिंतीवरच्या माशीसारखे गुपचूप बसून पाहण्याची शैली रुजली. आपल्याकडचा एक जुना प्रयोग मात्र या सगळ्यांहून मला मोलाचा वाटतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर थोड्याथोड्या वेळाने एकेक चौकट घेत चित्रित केला आणि त्याचे रोप होताना पडद्यावर दाखवले. तशी वाढ कुणीही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, कुणी पाहूही शकत नव्हते. काळाशी उघडउघड खेळ करून त्यांनी एक सत्य दिसते केले. म्हणून हस्तक्षेप झाला की सत्य गेले, हे मला मान्य नाही. हस्तक्षेप लपवला की जाते.

मग खरे-खोटे ठरवायचे कशावरून? मराठीत याचे उत्तर तेराव्या शतकाच्या अखेरीस देऊन झाले आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचा अनुयायी म्हाइंभट याने त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याने ज्याने स्वामींना पाहिले होते त्याला गाठायचे, विचारायचे, ऐकलेले ऋद्धिपूरला नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळायचे, मग लिहायचे. त्यातून लीळाचरित्र झाले. म्हाइंभटाने स्वतःला सर्वज्ञ निवेदक केले नाही. प्रसंग कुठे घडला, कोण समोर होते, कोण काय म्हणाले, हे तो साध्या लहान वाक्यांत ठेवतो. ग्रंथाची मूळ प्रत पुढच्या धामधुमीत हरवली आणि तो पाठ असलेल्या लोकांच्या स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, तेव्हाही हीच शिस्त टिकली. एकाच लीळेविषयी दोन आठवणी जुळल्या नाहीत तर एक पुसून टाकली नाही. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, असे नावानिशी लिहून ठेवले. हिराइसेसारख्या स्त्रीच्या मुखोद्गत पाठाला त्यात मान आहे. स्वामींच्या एकांतातल्या भ्रमणाला कुणीच साक्षी नव्हते. तो ‘एकांक’ त्यांनी स्वतः पुढे सांगितला त्यावरून आला, आणि म्हणून वेगळाच ठेवला गेला. पाहिलेले आणि ऐकलेले यांची अशी वाटणी आजच्या किती माहितीपटांत सापडेल? म्हाइंभटाला ठाऊक होते की आपल्याजवळ घटना नाही, घटनेची साक्ष आहे. साक्षीला किंमत येते ती साक्षीदाराचे नाव, त्याची जागा आणि त्याचा इतरांशी असलेला मतभेद, हे तिन्ही सोबत आले म्हणजे. त्याखेरीज तिला किंमत नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. म्हाइंभट भक्त होता. ज्याच्यावर श्रद्धा त्याच्याविषयी लिहिणाऱ्याला सत्याचा आदर्श कसे मानायचे? पण त्याची बाजू पहिल्याच ओळीपासून उघड आहे, वाचकाला ती वजा करून घेता येते. शिवाय श्रद्धेनेच त्याला काटेकोर केले. स्वामींचा शब्द आपल्या हातून बदलू नये, ही त्याची धास्ती होती, म्हणून शिष्यांचे रुसवेफुगवे, हेवेदावे, जेवणावरच्या तक्रारी, असे कितीतरी त्याने तसेच राहू दिले. बाजू नसलेला म्हणवणारा निवेदक मला याहून कमी विश्वासाचा वाटतो, कारण त्याची बाजू शोधून काढावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पुरेसा काळ राहा, माणसे कॅमेरा विसरतात, आणि मग जे मिळते ते निखळ असते, असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. चिकाटीने खूप मिळते. पण कोण विसरू शकतो हेही पाहावे. फ्रेडरिक वाइजमनच्या ‘टिटिकट फॉलीज’ (१९६७) मधले वेडे ठरवून कोंडलेले कैदी कॅमेरा विसरले म्हणावेत, की नको म्हणण्याची सोयच त्यांना नव्हती? त्या चित्रपटाने कोंडवाड्यातली क्रूरता जगापुढे आणली, हे त्याचे श्रेय. पण त्या उघड्या माणसांची संमती कुणाची, हा प्रश्न न्यायालयात गेला आणि चित्रपटाचे सार्वजनिक प्रदर्शन अनेक वर्षे बंद राहिले. डोंगरकड्याच्या शेतमालकाला कॅमेरा बंद करा म्हणता येते. त्याच्याकडे रोजाने आलेल्या बाईला म्हणता येतेच असे नाही.

आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये हा प्रश्न पडद्यावरच विचारला गेला आहे. मुंबईतली झोपडी पाडली गेलेली एक बाई चित्रपट करणाऱ्यांनाच फैलावर घेते: गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमचे काय होणार? संकलनाच्या टेबलावर तो तुकडा कापणे अगदी सोपे होते. तो ठेवला, म्हणून बाकी चित्रपटावर माझा विश्वास बसतो. त्याच चित्रपटात शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १० माणसे मेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पटवर्धन यांनी तिथून सुरुवात करून १४ वर्षांनी, २०११ मध्ये, ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. जुन्या चित्रीकरणातले घोगरे त्यात गातात तेव्हा चित्र तेच असते, पण आता ती एका गेलेल्या माणसाची साक्ष असते. हे वजन त्या फितीला काळाने दिले आणि चित्रपटकाराच्या चौदा वर्षांच्या बांधिलकीने. भिंग तेच होते. पटवर्धन बाजू घेतात, अशी तक्रार नेहमी होते. ते घेतात, आणि लपवत नाहीत. त्यांच्याशी वाद घालायला हवी ती सामग्री त्यांच्याच चित्रपटात मिळते.

सगळेच जर कुणाच्या तरी जागेवरून पाहिलेले, तर माहितीपट आणि कथापट यांत फरक काय उरला? फरक उरतो आणि तो मोठा आहे. कथापटातले पात्र पडद्यावरून खाली येऊन, हे असे नव्हते, असे म्हणू शकत नाही. माहितीपटातला माणूस म्हणू शकतो. त्याचे गाव आहे, त्याला शेजारी आहेत, चित्रपट लागून गेल्यावर त्याला तिथेच राहायचे आहे. झाँ रूश आणि एदगार मोराँ यांनी ‘एका उन्हाळ्याची बखर’ (१९६१) या चित्रपटात हा हक्क मान्य केला. ज्यांचे चित्रण केले त्यांनाच त्यांनी ते दाखवले. काहींना ते खोटे वाटले, काहींना नको इतके उघडे, आणि ही भांडणे त्यांनी चित्रपटाच्याच शेवटी जोडली. म्हाइंभटाचे पाठभेद ते हेच. आता मोबाइलवर कुणीही चित्रण करते आणि यंत्राकडून न घडलेल्या प्रसंगाचेही चित्र करवून घेता येते. अशा काळात नुसत्या चित्राच्या बळावर कशावरही विश्वास ठेवता येणार नाही. सांगणारा कोण आणि तो कुणाला जबाबदार, यावरच तो ठेवावा लागेल.

म्हणून माहितीपट शिकवणाऱ्या संस्थांना एक सुचवायचे आहे. फ्लाहर्टीच्या आधी लीळाचरित्राची रचना विद्यार्थ्यांना वाचायला द्या. मराठी मुलाला साक्षीची शिस्त शिकायला आधी परदेशात जाण्याची गरज नाही. आणि माहितीपट करणाऱ्यांना विनंती अशी की डोंगरकड्यात चित्रित केलेले आधी डोंगरकड्यात दाखवा, महोत्सवात नंतर. हळद निवडणाऱ्या बायांना पुढे बसवा. त्या म्हणतील की हे असे नाही, तर त्यांचे म्हणणेही त्यांच्याच आवाजात चित्रपटात घ्या.