दैव पाचवं आहे

आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं, श्लोक १३ ते १६. भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान, म्हणजे कर्माला आधार देणारी जागा. टीकाकार बहुधा शरीर असा अर्थ घेतात. मग कर्ता. मग करणं, म्हणजे इंद्रियं आणि साधनं. मग नाना प्रकारच्या चेष्टा. आपल्या आजच्या मराठीतली थट्टा नव्हे, हालचाल, खटपट. आणि पाचवं दैव. शरीराने, वाणीने, मनाने माणूस बरं-वाईट जे काही करतो, त्याच्या मागे हे पाचही असतात.

या श्लोकांपाशी आले की मला दर वेळी अंधेरीचा गोखले पूल आठवतो. वेस्टर्न लाइनवाल्यांना का ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

३ जुलै २०१८, मंगळवार. रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी साडेसातच्या सुमारास अंधेरी पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या गोखले पुलाचा पादचारी भाग तुटून खाली रुळांवर पडला. ओव्हरहेड वायर तुटल्या आणि ऐन गर्दीच्या वेळी पश्चिम रेल्वे मधोमध कापली गेली. विरारकडच्या गाड्या गोरेगावपर्यंत, चर्चगेटकडच्या वांद्र्यापर्यंत. लांब पल्ल्याच्या गाड्या रखडल्या, डबेवाल्यांचे डबे पोहोचले नाहीत, बेस्टने जादा बस सोडल्या. पाच माणसं जखमी झाली. त्यातली दोघं पुढे दगावली.

त्याच वेळी एक लोकल तिकडेच येत होती. मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी समोर पूल कोसळताना पाहिला, इमर्जन्सी ब्रेक लावला आणि गाडी ढिगाऱ्याच्या अलीकडे थांबली. रेल्वेमंत्र्यांनी त्यांना पाच लाखांचं बक्षीस जाहीर केलं. गर्दीच्या वेळची लोकल, म्हणजे किती जीव ते तुम्हीच मोजा.

मी तेव्हा बोरिवलीच्या प्लॅटफॉर्मवर अडकले होते. फोनवर एकामागून एक मेसेज येत होते, आणि जवळपास प्रत्येकात एकच वाक्य: देवाची कृपा, मोठा अनर्थ टळला. मीही हात जोडले. पण पुढच्या काही दिवसांत जखमींपैकी एक बाई गेल्याची बातमी आली. आमच्या गुरुवारच्या भजनात विषय निघाला तेव्हा एक काका म्हणाले, "वेळ आली होती त्यांची. प्रारब्ध कुणाला चुकलंय?" कुणी काही बोललं नाही. टाळ उचलले गेले आणि पुढचा अभंग सुरू झाला.

हे वाक्य मला तेव्हापासून टोचतंय. काका वाईट माणूस अजिबात नाहीत, उलट आमच्यात सगळ्यात आधी मदतीला धावणारे तेच. पण प्रश्न असा आहे: जी गाडी थांबली ती देवाची कृपा, आणि जो स्लॅब पडला ते त्या दोघांचं प्रारब्ध, असं म्हणायचा हक्क आपल्याला कुठून मिळाला? त्यांच्याही घरी देव्हारा असेल. त्या सकाळी त्यांनीही दिवा लावला असेल. गाडीतल्या माणसांची भक्ती जास्त आणि पुलावरच्यांची कमी, असं कुणी तोंडाने म्हणणार नाही. पण आपली दोन वाक्यं शेजारी ठेवली की अर्थ तोच निघतो.

आता गीतेचा क्रम पाहा. दैव पाचवं आहे. आपण ते उचलून पहिलं ठेवतो आणि मग उरलेल्या चारांकडे बघायचं कामच उरत नाही.

कुणी म्हणेल, क्रमावर एवढं काय? रामानुजाचार्यांनी तर इथे दैव म्हणजे अंतर्यामी परमात्मा असा अर्थ घेतला आहे, आणि पाचांत तोच प्रधान मानला आहे. खरं आहे. पण त्यांनीही पहिली चार कारणं खोडली नाहीत. परमात्मा जीवाला इंद्रियं देतो, शरीर देतो, प्रयत्नाची मुभा देतो, आणि तो प्रयत्न जीवाचाच राहतो. शंकराचार्यांचा अर्थ तर मला फारच आवडतो. त्यांच्या मते दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता. डोळ्याला आदित्य, तसं. म्हणजे दैव ही कुठे तरी आधीच लिहून ठेवलेली तारीख नाही. डोळ्याला दिसावं म्हणून जो उजेड लागतो, तो दैव.

त्या पावसाळी सकाळी सावंतांच्या डोळ्यांना जेवढा उजेड मिळाला, तेवढं त्यांचं दैव होतं. बाकी सगळं आधीचं. रोज तोच रूळ बघूनही न कंटाळलेली नजर. वेळेवर तपासलेले, लागायच्या वेळी लागलेले ब्रेक. ते ब्रेक कारशेडमध्ये ज्यांनी तपासले असतील त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. "देवाने वाचवलं" म्हणताना ही सगळी माणसं त्या वाक्यात मावतात का? मावत असतील तर खुशाल म्हणा.

आणि पूल? तो १९७५चा. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली. गंजलेलं लोखंड आणि पादचारी भागावर वर्षानुवर्षं चढत गेलेला भार, म्हणजे केबली, पेव्हर ब्लॉक, हे मुद्दे समोर आले. अधिष्ठान रोज थोडं थोडं गंजत होतं आणि त्यावर रोज थोडं थोडं ओझं चढत होतं. यात दैव कुठे आलं? पाऊस म्हणाल, तर मुंबईत जुलैत पाऊस पडणं हे काही अघटित नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते दुसरं कारण, कर्ता. पूल पडल्याच्या दिवशीच वाद सुरू झाला की हा पूल कुणाचा. रेल्वे म्हणाली पालिकेचा. पालिका म्हणाली, देखभालीचे पैसे आम्ही रेल्वेला देतो. हजारो माणसं रोज त्यावरून चालत होती, अधिष्ठान होतं, साधनं होती, पैशांची खटपटसुद्धा चालू होती, पण "हे माझं काम" म्हणणारा कुणी नव्हता.

इथे सोळावा श्लोक नीट वाचायला हवा, कारण तो सोयीने वापरता येतो. एकट्या स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला खरं दिसत नाही, असं भगवंत म्हणतात. हे वाचून एखादा अधिकारी शांतपणे म्हणू शकेल, बघा, मी एकटा कर्ता नाहीच, पाच कारणं आहेत. पण एकटा कर्ता नसणं आणि कर्ताच नसणं यात फरक आहे. गीता कर्त्याचा अहंकार काढायला सांगते, त्याची जागा रिकामी करायला सांगत नाही. सावंतांनी त्या क्षणी "ब्रेक लावणारा मी कोण?" असा विचार केला असता तर?

त्या घटनेनंतर आयआयटी मुंबईला सोबत घेऊन शहरातले ४४५ पूल तपासायचं जाहीर झालं. पण १४ मार्च २०१९ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, सात माणसं गेली, आणि कळलं की त्याची तपासणी आधीच झाली होती आणि तो किरकोळ दुरुस्तीवर वापरण्याजोगा ठरला होता. म्हणजे चेष्टाही होती. कागदावर. गोखले पूल तर २०२२च्या नोव्हेंबरमध्ये अख्खाच बंद केला, नवा बांधला, आणि २०२४च्या फेब्रुवारीत एक बाजू उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना! अंधेरीकर अजून हसतात त्यावर. मला हसू येतं आणि नाहीही.

मग सुटलो तर देवाचे आभार मानायचे नाहीत का? मानायचे, जरूर मानायचे. मी आजही मानते. फक्त आता ते मनातल्या मनात मानते. कृतज्ञता माझ्या आणि विठ्ठलाच्या मधली गोष्ट आहे. दुसऱ्याच्या मरणाचा खुलासा म्हणून ती वापरायला मला कुणी दिलेली नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने "प्रारब्ध" म्हटलं तर ती त्याची तगून राहायची धडपड आहे, तिथे मान खाली घालावी. तोच शब्द आपण, सुखरूप घरी पोहोचलेल्यांनी, म्हटला की वेगळा वाजतो.

परवा काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग त्या बाईंसाठी काय म्हणायचं भजनात?" मला उत्तर सुचलं नाही. आम्ही दोघं थोडा वेळ नामस्मरण करत बसलो.

उद्या सतरावा श्लोक. ज्याच्या ठायी "मी केलं" हा भाव नाही, तो मारूनही मारत नाही, असं म्हणणारा. आजच्या विषयानंतर तो उघडायला जरा भीतीच वाटते आहे. वाचून या.

राम कृष्ण हरी.