वैमानिकाची चूक आणि रोस्टरवरची सही

विमान कोसळले की चौकशीच्या दप्तरात ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा मारून प्रकरण मिटविण्याची रीत विमानविद्येच्या बाल्यावस्थेपासून चालत आली; आणि कसूर ज्याच्या माथी मारावयाची तो बहुधा त्या अपघातातच गतप्राण झालेला असल्याने त्याचा जबाब घेण्याची तसदीही कोणास पडत नसे.

या समजुतीस मोठा तडा गेला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यानंतर, धावपट्टीवर धावत असतानाच, वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच मिटून घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फोन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये डोकावून पाहिले, तो दोन्ही कळा शेजारीशेजारी आणि दिसावयास हुबेहूब सारख्या! त्याने एका कळीस रबरी चाकाचा आणि दुसरीस पाचरीचा आकार देवविला. अंधारातही बोटांना भेद कळू लागला, आणि शंभर ताकिदींनी जे साधले नसते ते रबराच्या तुकड्याने साधले. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांडीची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

थकव्याचे तसे नव्हते. मोडलेली कळ अवशेषांत सापडते, थकवा सापडत नाही. १८ ऑगस्ट १९९३ रोजी ग्वांतानामो बे येथे एक मालवाहू डीसी-८ विमान उतरता उतरता कोसळले, परंतु तिघेही कर्मचारी वाचले. म्हणून त्यांना झोपेविषयी विचारता आले. कप्तान साडेतेवीस तास जागा होता. धावपट्टीलगतच्या कुंपणावरील, त्या दिवशी बंद असलेला दिवा शोधण्यात तो इतका गुंतला की विमानाचा वेग घटल्याचे सहकाऱ्यांनी सांगूनही त्याच्या मनापर्यंत पोहोचले नाही. अमेरिकी चौकशी मंडळाने प्रथमच थकवा हे अपघाताचे संभाव्य कारण म्हणून नोंदविले. विशेष असे की, माल उतरवून रिकामे विमान परत नेण्याची फेरी ड्युटीच्या मर्यादेत मोजलीच जात नसल्याने इतका दीर्घ दिवस कायद्याच्या चौकटीत बसविता येत होता.

म्हणून थकवा हे क्षमापत्र ठरते काय? २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या पठारी धावपट्टीवरून पुढे दरीत गेले आणि १६६ पैकी १५८ जण मृत्यू पावले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा कप्तानाचे घोरणे त्यात होते. पुढे विमान फार उंचावरून येत असताना सहवैमानिकाने तीनदा परत फिरण्यास सांगितले, यंत्रानेही इशारे दिले, तरी कप्तान उतरावयाचा थांबला नाही. अहवालाने दोष त्याच्याकडेच ठेवला. पण दीर्घ निद्रेनंतरची गुंगी, बंद पडलेले रडार, आणि सहवैमानिकाने ताबा केव्हा घ्यावा याविषयीची संदिग्ध फर्माने, हेही लिहिले. हा न्याय मला रास्त वाटतो. मात्र अशा वाटणीत एक धोका आहे: दोष अनेकांत विभागला की वरिष्ठांच्या वाट्याला नेहमी त्यातला अमूर्त भाग येतो. कप्तानाचे नाव सर्वांना ठाऊक होते. संदिग्ध फर्मानांना कर्ता नसतो.

थकव्यावर उपाय म्हणून जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम काढून वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा घातली. या नियमांचा उर्वरित भाग नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला, आणि डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीस वैमानिक पुरेनासे झाले. जवळजवळ दोन वर्षांची मुदत मिळूनही! हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर सामानाचे ढीग साचले, आणि महासंचालनालयाने त्या कंपनीस रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून तात्पुरती सवलत दिली.