लग्नाची मात्रा

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत जुलै २०२५ मध्ये मुलींची जी झडती घेतली गेली तिची उजळणी करण्याचे कारण नाही. मुख्याध्यापिकेला अटक झाली, पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, आणि आसनगावपासून कसाऱ्यापर्यंत प्रत्येक फलाटावर त्याच विषयाची चर्चा होती. संताप रास्त होता. परंतु शौचालयातल्या रक्ताच्या डागावरून मुलींची झडती घेणाऱ्यांना जो तालुका रस्त्यावर येऊन जाब विचारतो, त्याच तालुक्यातल्या घरांत महाविद्यालयात जाणारी लेक दर महिन्याला पोट धरून भिंतीशी बसते तेव्हा तिच्या शब्दावर किती विश्वास ठेवला जातो, हा प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारल्याचे दिसले नाही. शाळेला मुलींचा शब्द पुरेसा वाटला नाही म्हणून तिने पुरावा मागितला. घर त्याहून सोयीस्कर वागते, कारण तिथे शब्दही ऐकायचा नसतो आणि पुरावाही नको असतो.

पाळीत थोडेफार दुखणे आणि एंडोमेट्रिओसिस यांत फरक आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, बीजवाहिन्यांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढू लागतात, तेव्हा त्या विकाराला हे नाव दिले जाते. या पेशी शरीरातील संप्रेरकांना, म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेल्या रसायनांना, प्रतिसाद देत राहतात; त्यातून सूज येते, व्रण होतात आणि कधी कधी शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास स्त्रियांना व मुलींना हा विकार आहे, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी ४ ते १२ वर्षे जातात. दहावीत सुरू झालेल्या दुखण्याला नाव मिळेपर्यंत मुलगी पदवी घेऊन मोकळी होते, असा याचा साधा हिशेब आहे.

ही वर्षे वाया जाण्यामागे सबबी अनेक आहेत. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ आणि ‘लोक काय म्हणतील’ या दोन सबबींवर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. जी सबब सर्वांत आदराने, वडीलधाऱ्या स्वरात उच्चारली जाते ती मात्र तपासण्याजोगी आहे: लग्न झाले की थांबते, आणि न थांबल्यास एक लेकरू झाले की हमखास थांबते. लग्न हे औषध मानायचे तर औषधाला विचारतात ते प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत. त्याची मात्रा किती, हे कोणी सांगत नाही. नोंदणी पद्धतीने केलेल्या लग्नाने गुण येतो, की हळदीच्या रात्री दोन वाजेपर्यंत डीजे वाजल्याखेरीज औषध लागूच पडत नाही, याचाही खुलासा नाही. जमिनीचा तुकडा विकून आणलेल्या औषधाने गुण न आल्यास पैसे परत मिळण्याची सोय कुठे आहे? ज्या तरुणाची या कामी योजना होते त्याला आपण पती आहोत की गोळी, याची पूर्वकल्पना दिली जाते काय? मुतखड्याने तळमळणाऱ्या मुलासाठी ‘मुलगी पाहा, खडा आपोआप पडेल’ असा उपाय कसारा, खर्डी किंवा मुरबाड येथे आजवर कोणी सुचवल्याचे ऐकिवात नाही. पुरुषाच्या दुखण्याला दवाखाना आणि स्त्रीच्या दुखण्याला मांडव, ही वाटणी कोणत्या वैद्यकात लिहिली आहे ते या सल्लागारांनी एकदा सांगावे.

या समजुतीत सत्याचा जो कण आहे तो नाकारण्याचे कारण नाही. गरोदरपणात पाळी थांबते, त्यामुळे काही स्त्रियांना तेवढ्या काळापुरता आराम पडतो. पुढे पाळीबरोबर वेदनाही परतू शकते. केवळ या विकारावरचा उपाय म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे युरोपातील मानवी पुनरुत्पादन व गर्भविज्ञान संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. शिवाय या विकारात शरीरसंबंध वेदनादायक होऊ शकतात आणि गर्भधारणेतही अडचण येऊ शकते. म्हणजे ज्या औषधावर भिस्त ठेवायची त्याचीच वाट रोग अडवून बसतो, आणि मग मूल होत नाही म्हणून नवा ठपका त्याच मुलीच्या माथी येतो.

येथे केवळ आईबापांना झोडपून भागणार नाही, कारण सरकारी वहीदेखील लग्नाचीच वाट पाहते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ या वयोगटासाठी आहे. आशाताईंच्या गावभेटीतल्या पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत नाव येते ते लग्नानंतर. एकवीस वर्षांची अविवाहित मुलगी या दोन रकान्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत उभी असते.

गोळीचे प्रकरण याहून मौजेचे आहे. संप्रेरकांच्या गोळ्या हा या विकारावरचा नेहमीचा उपचार. त्या रोग समूळ काढत नाहीत, वेदना आणि वाढ आटोक्यात ठेवतात. परंतु त्यांतल्या काही गोळ्या गर्भनिरोधक म्हणूनही ओळखल्या जातात, त्यामुळे ते पाकीट कपाटात तांदळाच्या डब्यामागे जाते आणि वडिलांना ‘ती रक्तवाढीची’ असे सांगितले जाते. याच घरात गणपती, सत्यनारायण किंवा चुलतभावाची हळद पाळीच्या तारखेवर आली की तारीख पुढे ढकलण्याची गोळी घरातल्याच कोणीतरी, चिठ्ठीवाचून, औषधाच्या दुकानातून आणून दिलेली असते. त्या गोळीत बहुधा नॉरइथिस्टेरॉन असते आणि ते प्रोजेस्टिन नावाच्या त्याच औषधवर्गातले आहे, ज्यातील औषधे डॉक्टर एंडोमेट्रिओसिससाठी देतात. देवासाठी आणि डीजेसाठी चालणारे संप्रेरक मुलीच्या वेदनेसाठी मात्र ‘गरम पडते’, हा विवेक अजब म्हणावा लागेल. वेदनाशामक गोळीबाबतही तीच बेफिकिरी आहे: मेफेनॅमिक आम्लामुळे क्वचित होणाऱ्या गंभीर प्रतिक्रियेबाबत भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ च्या अखेरीस सावध केले होते, तरी ती गोळी आजही शेजारणीच्या सांगण्यावरून गिळली जाते.

मदत करायची म्हणजे काय, हे कसाऱ्याच्या सकाळच्या लोकलमध्ये उभे राहिल्यास चटकन कळते. कल्याण सुमारे ६७ किलोमीटर आहे, गाडीत शौचालय नाही, आणि टिटवाळ्यानंतर वाकायलाही जागा उरत नाही. त्या दिवशी ‘कॉलेज बुडवू नकोस’ हे वाक्य गिळणे, ही आईबापांची पहिली मदत. वेदना कधी सुरू झाली, किती दिवस राहिली, शौचाला किंवा लघवीला त्रास झाला काय, हे मुलीने वहीत लिहिले तर डॉक्टरला ती वही कामी येते, कारण सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून विकार नाही असे ठरत नाही. उपजिल्हा रुग्णालयाच्या बाकावर आईने सोबत जरूर बसावे. पुढे डॉक्टर मुलीला ‘कुठे दुखते?’ असे विचारतात आणि आई उत्तर देते, ‘तिला ना, जरा जास्तच होते.’ मुलगी नखाने केसपेपरचा कोपरा सोलत राहते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या पोटातली वेदना तिच्याच तोंडून यावी, आणि गोळी की दुर्बिणीची शस्त्रक्रिया हेही तिनेच ठरवावे. आईबापांनी पैसे, सोबत आणि मौन पुरवावे.

उरतो तो स्थळाचा प्रश्न. बायोडाटा नावाच्या त्या कागदावर, जिथे गोत्र, उंची आणि मामाचे गाव न चुकता असते, तिथे हा आजार लिहावा काय? तत्त्व म्हणून पाहिले तर लग्नापूर्वी दोघांनी एकमेकांना सर्व सांगावे, आणि ते मुलीने मुलाला सांगावे, मध्यस्थाने मामाला नव्हे, असे म्हणावे लागेल. परंतु हे तत्त्व आजवर मुलीकडच्यांनाच शिकवले गेले आहे. मुलाकडच्यांनी आधी गुटखा, दारू आणि हळदीच्या डीजेसाठी काढलेले कर्ज यांचे तीन कागद घेऊन यावे, मग सोनोग्राफीचा अहवाल जरूर मागावा.