हन्ना

दिवा मंद करा, पाठ टेकवा आणि एक नाव सावकाश उच्चारा: हन्ना.

यातला ‘ह’ आपल्या हळदीतला नव्हे. हिब्रूत तो ‘हेत’ या अक्षराचा, घसा जरा खरवडत येणारा. मग जीभ वरच्या दातांमागे टेकते. तिला लगेच उचलू नका, ‘न्न’ तिथेच थोडा मुरू द्या. ग्रीक-लॅटिनच्या वाटेने युरोपात जाताना तो घशातला ‘ह’ गळाला आणि अ‍ॅना, अ‍ॅन झाली. ‘न्न’ मात्र बहुतेक ठिकाणी टिकला.

आता अर्थाकडे या. नावाचा धातू ‘ह-न-न’, म्हणजे कृपा करणे. याच धातूशी जोडलेला ‘हिन्नाम’ असा एक साधा शब्द हिब्रूत आहे. त्याचा अर्थ फुकट, मोबदला न घेता. मला कृपेपेक्षा हा फुकटच जास्त आवडतो, त्याला बाजाराचा वास आहे.

आणि असं नाव असलेली बाई करते काय, तर नवस.

बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तिची गोष्ट आहे. पोटी मूल नाही. सवत पनिन्ना लेकुरवाळी, वर टोचून बोलणारी. नवरा एलकाना समजूत घालतो की तुला दहा मुलांपेक्षा मी बरा नाही का. बापडा भला माणूस, पण काय बोलावं ते त्याला कळत नाही. हन्ना शिलोच्या मंदिरात जाऊन रडते आणि बोलते: मुलगा दे, तो तुलाच वाहीन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागू देणार नाही.

इथे थांबा. तिचे ओठ पाहा. हलताहेत, पण आवाज नाही. एली याजकाला वाटतं, बाई प्यायली आहे. तो तिला फटकारतो. पुढे याच ओठांवरून तालमूद या ज्यू ग्रंथातल्या रब्बींनी प्रार्थनेची रीत ठरवली: ओठ हलावेत, आवाज चढू नये. ज्यू नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात हीच गोष्ट वाचतात.

तुम्हीही तसंच म्हणून पाहा, नुसत्या ओठांनी. शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये.

ख्रिस्ती परंपरेत मरियेच्या आईचं नावही हेच, अ‍ॅना. तिलाही उशिरापर्यंत मूल नव्हतं. बायबलमध्ये ती नाही, पण गोव्यात आहे. तळावलीच्या सांत आनाच्या चर्चमध्ये जुलैअखेरीस तवशांचं फेस्त भरतं. मूल हवं असलेली जोडपी तिला काकड्या वाहतात. ‘फुकट’शी नातं सांगणाऱ्या नावापुढे पुन्हा देवाणघेवाण! यात विसंगती आहे हे मान्य, पण ती सोडवायला जाऊ नये. रिकाम्या हातांनी मागणं माणसाला जमत नाही.

हन्नाला मुलगा झाला, शमुवेल. तिने नवस फेडला. दूध तोडल्यावर त्याला शिलोला नेऊन ठेवलं. त्यानंतर वर्षातून एकदा ती यज्ञासाठी तिथे जाई, आणि दर खेपेला त्याच्यासाठी एक छोटा अंगरखा करून नेई.

वर्षभर डोळ्यांआड वाढलेल्या पोराचं माप तिने कशावरून धरलं असेल? ग्रंथात ते नाही. आज तेवढ्यापाशीच बसा.