थोड्यांचें दुखणें आणि सर्वांचा पैसा

सार्वजनिक खजिन्यांतील पैसा कोणत्या दुखण्यावर आधीं खर्चावा, हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ हिशेबाचा वाटतो. ज्या रोगानें अधिक माणसें मरतात त्याला अधिक द्रव्य द्यावें, ज्यानें थोडीं मरतात त्याला थोडें, असा त्रैराशिकाचा न्याय सुशिक्षित मंडळींत सर्वत्र ऐकूं येतो. आणि कॉलेजांत बेंथम वाचलेल्या आमच्या वर्गाला तो चटकन् पटतोही. ज्या देशांत क्षयानें दर वर्षीं लाखों माणसें दगावतात, तेथें गोचिडाच्या चाव्यानें येणाऱ्या तापावर संशोधन करीत बसणें ही चैन होय, असें म्हणणारे विद्वान् गृहस्थ आम्हांला भेटले आहेत. आम्हांला हा न्याय अपुरा वाटतो. कां, तें माकडतापाच्या उदाहरणावरून सांगूं.

१९५७ सालीं त्या वेळच्या म्हैसूर राज्यांत, शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरूं लागलीं आणि भोंवतालच्या खेड्यांतील माणसें तापानें अंथरुणाला खिळलीं. हा पीतज्वर तर नव्हे, या शंकेनें शास्त्रज्ञांत खळबळ उडाली. पीतज्वर हिंदुस्थानांत शिरता तर बंदरें, शहरें, व्यापार सारेंच धोक्यांत येतें. रॉकफेलर फौंडेशनच्या साहाय्यानें १९५२ सालीं पुण्यास निघालेल्या विषाणु-संशोधन केंद्रानें (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच) त्वरेनें छडा लावला, कीं विषाणु नवाच आहे आणि तो जंगलांतील गोचिडांमुळें माणसाला बाधतो. हें काम खरोखर अभिमानास्पद होतें. परंतु रोग गुरें चारणारे, लाकूडफाटा वेंचणारे, रानांत राबणारे यांच्यापुरताच आहे असें कळल्यावर भीति ओसरली, आणि भीतीबरोबर घाईही, असें आम्हांस वाटतें. कारण साठांहून अधिक वर्षें लोटलीं तरी या तापावर खास औषध नाहीं. अंगांत पुरेसें पाणी राखणें, विश्रांति, आणि रक्तस्राव झाल्यास त्याची व्यवस्था, एवढेंच डॉक्टरांच्या हातीं असतें. आणि शंभर रोग्यांमागें तीन ते पांच, कधीं अधिकही, दगावतात.

लस निघाली होती, नाहीं असें नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दोन मात्रांनीं सुमारें ६२ टक्के आणि तिसरी घेतल्यास सुमारें ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचें आढळलें. पण ती टोंचतांना फार दुखे, आणि पुढें दर वर्षीं पुन्हा घ्यावी लागे. रोजंदारीच्या माणसानें मजुरी बुडवून हें किती वर्षें करावें? तिच्यांत सुधारणा व्हावयास हवी होती, ती झाली नाहीं, आणि अखेर २०२२ च्या सुमारास तिचा वापरच थांबला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें नव्या लशीचें काम हातीं घेतलें आहे, पण तें किती उशिरां!

तेवढ्या अवधींत रोग आमच्या दाराशीं आला. २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत, २०१६ सालीं सिंधुदुर्गांतील दोडामार्गांत, आणि पुढच्या वर्षीं बांद्याकडे माणसें आजारी पडलीं. काजूचा हंगाम आणि गोचिडांचा हंगाम एकच. बी वेंचण्यास वांकलेल्या बाईच्या पायाला तो चिकटतो, आणि तें काजू आमच्या दिवाणखान्यांत पाहुण्यांपुढें बशींत येतात. ज्यांच्या धोक्यावर आपली सुखसोय उभी आहे त्यांची संख्या थोडी आहे, म्हणून त्यांचें देणें लागत नाहीं, हें कोणत्या नीतिशास्त्रांत बसतें? औषधाचा कारखानदार या रोगाकडे वळणार नाहीं, व त्याला दोष देण्यांतही अर्थ नाहीं. त्याचें गिऱ्हाईक थोडें आणि तेंही गरीब. जें बाजाराला परवडत नाहीं तें सरकारनें करावें, याहून सरकारी संशोधनाचें दुसरें प्रयोजन आम्हांस तरी दिसत नाहीं.

शिवाय संख्या थोडी, हें तरी कशावरून? २०१८ च्या पावसाळ्यांत आमच्या नागपुरांत व विदर्भांत स्क्रब टायफसनें पुष्कळ माणसें आजारी पडलीं, कांहीं दगावलीं. हा रोग गोचिडाचा नव्हे, पण त्याच्याच गणगोतांतल्या एका बारीक किड्याच्या पिलांचा. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधानें तो बरा होतो. मात्र तो वेळीं ओळखावा लागतो, आणि ओळखण्यासाठीं तो कोणाला तरी सुचावा लागतो. जेथें रक्ताची तपासणीच होत नाहीं तेथें असले सगळे रोग सरकारी कागदांत नुसता 'ताप' म्हणून जमा होतात. म्हणजे आधीं मोजावयाचें नाहीं, आणि मग संख्या थोडी म्हणून पैसा द्यावयाचा नाहीं!

क्षयाच्या रोग्याचा पैसा काढून इकडे द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं, आणि खजिना अमर्याद नाहीं हेंही आम्ही जाणतों. मागणें मोठ्या रकमेचें नसून सातत्याचें आहे. माकडें मेलीं कीं पथकें येतात, औषध फवारलें जातें, वर्तमानपत्रांत मजकूर येतो. पावसाळा लागून रोग मंदावला कीं सारें थंड. याच्या जागीं, रोग असो वा नसो, दर हंगामांत रानवाटेवर फ्लॅनेलचें फडकें ओढीत गोचीड गोळा करणारा आणि ते तपासणारा माणूस दोडामार्गासारख्या ठिकाणीं कायम नेमलेला असावा, व त्याचा पगार प्रत्येक अंदाजपत्रकांत न मागतां धरलेला असावा.