यशाच्या भरांतील निवड

अपयशी कलावंतास जग शिकवितें. यशस्वी कलावंतास शिकविणार कोण? नवख्याचें सदोष गाणें प्रकाशक परत करतो, श्रोते उठून जातात, टीकाकार कान उपटतात. कीर्तीच्या शिखरावर चढलेल्याच्या वांट्यास ही कृपा येत नाहीं. तो जें देईल तें विकलें जातें, आणि जें विकलें गेलें तें चांगलेंच असलें पाहिजे, असें भोंवतालचे लोक त्यास सांगूं लागतात. अशा वेळीं कलावंताचें रसिकांप्रत कांहीं कर्तव्य उरतें काय, हा प्रश्न आम्हांस निव्वळ कलेचा न वाटतां नीतीचा वाटतो.

उदाहरणादाखल इंग्रज गायक व संगीतकार एल्टन जॉन यांची ‘कॅरिबू’ ही ध्वनिमुद्रिका घेऊं. १९७३ सालच्या ‘गुडबाय यलो ब्रिक रोड’ या दोन तबकड्यांच्या संग्रहानें त्यांची लोकप्रियता कळसास पोंचली होती. पाठोपाठ १९७४ च्या जानेवारींत, जपानचा दौरा तोंडावर असतां, अमेरिकेंतील कोलोरॅडोच्या डोंगरांत ‘कॅरिबू रँच’ नांवाच्या ध्वनिमुद्रणगृहीं सुमारें ९ दिवसांत हा नवा संग्रह उरकण्यांत आला. बर्नी टॉपिन यांनीं शब्द लिहावे व ते पुढें ठेवून एल्टन यांनीं चाल बांधावी, ही त्या जोडीची रीत. जूनमध्यें बाहेर पडलेला हा १० गीतांचा संग्रह इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत विक्रींत पहिला आला, आणि वर्षांतील उत्कृष्ट संग्रहाच्या ग्रॅमी पारितोषिकासाठीं त्याचें नांवही सुचविलें गेलें.

आंत काय आहे? ‘सोलर प्रेस्टीज अ गॅमन’ या गाण्याचे शब्द मुद्दाम निरर्थक ठेवलेले आहेत. पहिल्या वेळीं हंसूं येतें, दुसऱ्या वेळीं येत नाहीं. ‘ग्रिम्स्बी’ हें एका मासेमारी बंदराचें स्तोत्र नीटनेटकें खरें, पण वजनानें हलकें. मात्र शेवटचीं दोन गीतें ऐकतांना आपण दुसऱ्याच घरांत शिरलों असें वाटतें. ‘डोन्ट लेट द सन गो डाउन ऑन मी’ हें गीत पायरीपायरीनें चढत जाऊन अखेरीस मनाचा कब्जा घेतें. ‘टिकिंग’ मध्यें शाळेंत गुणी व अबोल म्हणून वाखाणलेला मुलगा मोठेपणीं न्यूयॉर्कच्या एका मद्यगृहांत माणसें मारतो. ही भयंकर कथा जवळजवळ एकट्या पियानोच्या साथीनें, आवाज न चढवितां सांगितली आहे.

लोक अशा विषमतेचा दोष घाईस देतात. आम्हांस हें पटत नाहीं. हीं दोन उत्तम गीतेंही त्याच छपराखालीं, त्याच घाईंत जन्मलीं. प्रतिभा पावसासारखी आहे. ती केव्हां पडावी हें कोणाच्या हातीं नाहीं. परंतु पिकलेलें धान्य सुपांत घेऊन पाखडणें हें सर्वस्वी आपल्या हातीं आहे. पिकांत फोल निघालें म्हणून शेतकऱ्यास कोणी बोल लावीत नाहीं. फोल धान्याच्या भावानें विकलें तर लावतात.

यावर कोणी म्हणेल, कलावंतानें सदा गंभीरच असावें काय? मुळींच नाहीं. खेळकर गीतही जीव ओतून केलेलें असतें. प्रश्न एवढाच, कीं आपलें नांव अज्ञात असतें तर हें गीत आपण पुढें केलें असतें काय? याचें उत्तर कलावंतावांचून दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें, म्हणूनच ही नीतीची बाब होय. वर्षास दोन संग्रह देण्याचा करार त्या काळीं एल्टन यांच्या मानेवर होता, हेंही खरें. पण करार संख्या मागतो. गुणांचें ऋण श्रोत्याचें असतें, आणि त्याचा कागद कोठेंही होत नाहीं.

श्रोताही येथें निर्दोष नाहीं. नांव पाहून जो टाळी देतो तो कलावंताच्या हातांतील शेवटचा आरसा काढून घेतो. बाजाराचा कौलही किती विश्वासार्ह असतो तें पाहा. १९७४ सालीं संग्रह दोन्ही देशांत पहिला आला, पण त्यांतील तें श्रेष्ठ गीत एकाही देशांत पहिलें आलें नाहीं. १९९१ सालीं जॉर्ज मायकेल यांच्यासह रंगमंचावर गाइलेलें तेंच गीत पुढें दोन्ही देशांत अग्रस्थानीं गेलें. म्हणजे निवड अखेर झाली. ती काळानें केली, आणि त्यास सतरा वर्षें लागलीं.

हा संग्रह झालाच नसता तर बरें, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या दोन गीतांसाठीं बाकीचीं आठ ऐकून घेण्याची आमची तयारी आहे. मात्र काळाचें काम काळावर सोंपविणें निराळें आणि आपलें काम त्याच्यावर ढकलणें निराळें. ज्यास ‘नाहीं’ म्हणणारा कोणी उरलेला नाहीं, त्यानें तो शब्द स्वतःच उच्चारण्यास शिकलें पाहिजे.